नऊ आटे

१

कांताबाई नगराळे रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास राळेगावच्या दवाखान्यात नेताना, गाडीतच गेल्या. वय एकोणसाठ. शनिवारी पहाटेपासून जुलाब आणि उलट्या सुरू होत्या. त्या दोन दिवसांत बोरडोहच्या भीमनगर वस्तीतली आणखी चौदा माणसं आजारी पडली. त्यांत सहा लहान मुलं होती. गावाच्या वरच्या तिन्ही वस्त्यांत कुणालाही काही झालं नाही.

बुधवारी सकाळी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून प्रेरणा उईके गावात आली, तेव्हा दोष कुणाचा हे ठरून गेलं होतं.

सरपंच कोकिळाबाईंनी तिला ग्रामपंचायतीच्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि तिच्यासमोर दोन कागद ठेवले.

पहिला कागद दीपा नगराळेचा होता. ती कांताबाईंची मुलगी, वय चोवीस, बी.एस्सी. झालेली आणि गावची जलसुरक्षक. नळाच्या पाण्याचे नमुने घेऊन तपासणीला पाठवण्याचं काम तिच्याकडे होतं. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘वॉलमन उकंडा आत्राम बुधवारी दुपारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला गेले. जाताना त्यांनी रपट्याजवळचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला. गुरुवारी दुपारी चार वाजता तपासणी करताना तो मला उघडा सापडला. मी नऊ आटे फिरवून तो घट्ट बंद केला. तोपर्यंत जुन्या विहिरीचं दूषित पाणी आमच्या लाइनीत शिरलं होतं. माझ्या आईच्या मृत्यूला उकंडा आत्राम जबाबदार आहेत.’

दुसरा कागद उकंडाचा. त्यात दोनच ओळी होत्या. ‘रपट्याजवळचा वॉल मी उघडा सोडून गेलो. चूक माझी आहे.’

“दोघाईचं एकच म्हणणं हाय मॅडम,” कोकिळाबाई म्हणाल्या. “सत्तावीस वर्षं पाणी सोडलं त्या माणसानं. पण माणूस मेलं, आता काय करता? तुमचा कागद आला का उद्याच्या ग्रामसभेत त्याले कामावरून काढतो. मंग पुढचं पोलीस पाहातीन.”

प्रेरणानं चहा बाजूला सरकवला. तिच्या पिशवीत सोमवारी प्रयोगशाळेत आलेल्या तीन बाटल्यांचे निकाल होते. भीमनगरच्या पहिल्या नळाचं पाणी रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी दीपानं बाटलीत भरलं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

बाटलीत राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. जंतूंची संख्या बदलते. फ्लोराइड मात्र जेवढं असतं तेवढंच राहतं. बोरडोहच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे दोन पूर्णांक तीन मिलिग्रॅम फ्लोराइड होतं. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी ती पिण्यासाठी बंद झाली. नव्या विहिरीत ते शून्य पूर्णांक पाच होतं. त्यामुळे बाटलीतलं पाणी कुठल्या विहिरीचं आहे हे पाणी स्वतःच सांगत होतं.

बुधवार, शून्य पूर्णांक पाच. गुरुवार, शून्य पूर्णांक पाच. शुक्रवार, दोन पूर्णांक एक.

व्हॉल्व्ह उघडा होता असं दोघंही सांगत होते त्या गुरुवारच्या सकाळी नळाला नवं पाणी आलं होतं. जुनं पाणी आलं होतं व्हॉल्व्ह बंद केल्यानंतर.

२

भीमनगर नाल्याच्या पलीकडे आहे. बत्तीस घरं, मधोमध विहार. नाल्यावर सिमेंटचा बुटका रपटा, आणि रपट्याच्या अलीकडच्या तोंडाशी लोखंडी झाकण असलेला चौकोनी खड्डा. प्रेरणानं झाकण उचलून पाहिलं. आतला व्हॉल्व्ह गंजलेला, जाडजूड आणि बिनाचाकाचा होता. वर फक्त एक पाचकोनी डोकं होतं.

दीपा विहाराच्या ओट्यावर बसली होती. तिच्याशेजारी एक मोठा माठ पालथा घातलेला होता.

“आई रोज पहिलं पाणी इथं भरे,” ती म्हणाली. “सहाले नळ आला का पहिली घागर विहाराची, दुसरी घरची. सांजच्याले लेकरं अभ्यासाले येतात, ते याच माठातलं पेतात. आजारी पडली ते सहाही लेकरं इथलीच हायेत.”

“वस्तीतली बाकीची माणसं?”

“ज्यायनं आधी भरलं ते पडले. मागून आलेल्याइले काई नाई झालं. म्या यादी केली.” तिनं वही पुढे केली. प्रत्येक घरासमोर पाणी भरल्याची वेळ होती. पहिल्या दहा मिनिटांनंतर भरणारा एकही माणूस आजारी नव्हता.

प्रेरणानं ती पानं दोनदा वाचली. इतकी काटेकोर नोंद तिला क्वचितच हाती लागे.

“उकंडा नव्हते तेव्हा काम तुम्हीच पाहिलंत?”

“हो. टाकीत पावडर टाकली, चारही वस्त्याइच्या पाळ्या सोडल्या. गुरुवारी दुपारी म्हटलं, सगळे वॉल एकदा पाहून घेऊ. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं ना आमचं, तथी सांगतलं होतं, बंद वॉल हाताखाली फिरला नाई पाहिजे.”

“आणि रपट्याजवळचा फिरला.”

“फिरला म्हणजे? नऊ आटे फिरला! बंद असता त इतका फिरला असता काय, मॅडम?”

“नाही,” प्रेरणा म्हणाली. “तुमच्यानंतर कुणी त्याला हात लावला असेल का?”

“कसा लावन? त्या वॉलचं डोकं वेगळं हाय. एकच चावी लागते त्याले. ते आमच्याच घरी होती, आईच्या खाटेखाली. शुक्रवारी सांजी मामा एसटीनं आले तवा म्याच त्याइच्या घरी नेऊन देली.”

गावातल्या सगळ्या मुलांसारखी तीही उकंडाला मामाच म्हणत होती. तक्रार लिहिल्यानंतरही.

“चावी देताना काही बोलणं झालं?”

दीपानं पदर तोंडाशी धरला, मग सोडला. “म्या सांगतलं. मामा, वॉल उघडा ठेवून गेलते तुमी, म्या नऊ आटे बंद केला. मले वाटलं काईतरी म्हणतीन. चुकलो म्हणतीन, नाईतर शाबास म्हणतीन. एक शब्द बोलले नाई. डोळ्यावर हिरवी पट्टी, तसेच चावी घेऊन उठले आन् चप्पल न घालताच बाहेर पडले.”

“कुठे?”

“मले काय माहीत? रपट्याकडे तोंड होतं त्याइचं.”

३

जुन्या विहिरीचं पाणी अजून वापरात होतं, पण जनावरांसाठी. विहिरीवर नानाजी काळमेघांची मोटार होती. तिथून सिमेंटची जुनी लाइन रपट्यापर्यंत येई आणि वाटेत गुरांचा हौद भरे. विहिरीला कठडा नव्हता. पावसाचं पाणी शेण, माती घेऊन थेट आत उतरत होतं.

नानाजी हौदाच्या काठावर बसले होते. सत्तरीचे, अंगात बंडी, समोर दोन पांढरे बैल. पोळा होऊन पाच दिवस झाले तरी बैलांच्या शिंगांचा रंग ताजा होता.

“या बाई. मलेच पकडाले आले का?”

“तुम्ही काही केलंय का?”

“गावात काई झालं का पयले माह्या घराकडं पाह्यतात. माजी सरपंच आहो ना.” ते हसले आणि लगेच थांबले. “कांता माह्या वावरात वीस वर्षं कापूस वेचाले आली. हसू नोको नाना, म्हणे, कापूस उडते.”

“मोटार कधी चालवता?”

“सांजच्या सहाले विजेची लाइन येते, तवा. रोज.”

“मागच्या बुधवारी चालवली होती?”

“रोज म्हटलं ना बाई. बैल काय वार पाहून पाणी पेते? बुधवारी तासभर. गुरुवारी खांदशेकणी होती, बैलाइचे खांदे शेकून आवतन द्याचं असते पोळ्याचं. धुणंपुसणं लय. दीड तास चालली.”

“गुरुवारी दुपारी?”

“दुपारी लाइन असते कुठी?”

प्रेरणानं वहीत दोन वेळा लिहिल्या आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. बुधवारी मोटार बंद असेल, हा सगळ्यात सोपा खुलासा आता संपला होता. बुधवारी संध्याकाळी मोटार चालली. तेव्हा व्हॉल्व्ह उघडा असता, तर जुनं पाणी भीमनगरच्या लाइनीत शिरून गुरुवारी सकाळच्या बाटलीत दिसायला हवं होतं. ते दिसलं नव्हतं. गुरुवारी मोटार सहाला चालली, म्हणजे दीपानं व्हॉल्व्ह बंद केल्यानंतर दोन तासांनी. आणि शुक्रवारी सकाळी पाणी जुनं.

“बाई,” नानाजी म्हणाले, “उकंडाले वाचवता येईन का?”

“मी फक्त पाण्याचं सांगू शकते.”

“मंग पाण्याले विचारा. त्याले उकंडाइतकं कोणीच ओळखत नाई.”

नव्या लाइनीचं काम पाहणारा गोपाल दुपारी दिग्रसहून मोटरसायकलवर आला. हेल्मेट हातात धरूनच तो उभा राहिला. नकाशात रपट्याजवळ जुनी लाइन तोडून तिचं तोंड कायमचं बंद केल्याचं दाखवलं होतं. प्रेरणानं नकाशा उघडून त्या जागी बोट ठेवलं.

“इथे काय केलंत?”

गोपालनं हेल्मेट खाली ठेवलं. “खाली काळा खडक लागला, मॅडम. मशीनचे दोन दात तुटले. रपटा फोडाची परवानगी नव्हती. मग रपट्याखालचा अठरा मीटर जुना लोखंडी पाइप तसाच ठेवला आन् त्यालेच नवी लाइन जोडली.”

“आणि जुन्या लाइनीचा जोड?”

“तो बी राह्यला. मधात फक्त तो वॉल.”

“नकाशात मात्र तोडला.”

“उकंडाभाऊ म्हणे, वॉल बंद हाय, थेंब येणार नाई. म्या मोटार चालू ठेवून पाह्यलं. खरंच नाई आला.”

“व्हॉल्व्ह तुम्ही फिरवून पाहिला?”

“त्यायनं चावी हातातच देली नाई. हसून म्हणे, राहू द्या साहेब, हा वॉल माह्याशिवाय कोणाचं ऐकत नाई.”

४

उकंडा आत्रामच्या घराच्या वाटेवर, भीमनगरच्या शेवटच्या घरापाशी सोनीबाई भांडी घासत होती. प्रेरणाला पाहून तिनं हात धुतले.

“मॅडम, एक सांगू? कोणी विचारलं नाई म्हणून बोलली नाई. गुरुवारी दिवेलागणीले आमचा नळ गळे. पाळी नसतानी. म्या म्हटलं, दीपा पोरीनं पोळ्याचं म्हणून पाणी सोडलं का काय.”

“भरलंत?”

“त्यात गोधड्या धुतल्या. थोडं लालसर वाटे.”

संध्याकाळी टाकीवरून सुटणारे सगळे व्हॉल्व्ह बंद असताना पाण्याला यायला एकच वाट होती, रपट्याची. आणि त्या वाटेची चावी तेव्हा कांताबाईंच्या खाटेखाली पडलेली होती.

उकंडा दारात बाजेवर बसला होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा कोरडा. त्याची बायको आत होती, बाहेर आली नाही. दाराच्या चौकटीला साडेतीन फूट लांबीची लोखंडी चावी टेकवलेली होती. तिची मूठ हातानं घासून चकचकीत झाली होती.

“म्या लिहून देलं ना मॅडम.”

“वाचलं. व्हॉल्व्ह का उघडला होता?”

“इसरलो.”

“उघडायला विसरत नाही कुणी. बंद करायला विसरतात. आधी उघडला कशाला?”

“गाळ काढाले.”

“कधी?”

“बुधवारी. जायच्या आधी.”

“मग बुधवारी संध्याकाळी नानाजींची मोटार चालली, तरी गुरुवारी सकाळी नळाला नवंच पाणी आलं. ते कसं?”

त्यानं चांगला डोळा तिच्यावर रोखला. “तुमच्या मशीनची चूक असन.”

“मी तीनदा मोजलं.”

“मंग माह्या नशिबाची असन.” तो उठून उभा राहिला. “पोरीची माय गेली. तिले कोणावर तरी राग काढाचा हाय. माह्यावर काढू द्या. म्हातारा आहो, मले काई फरक पडत नाई.”

“फरक पडतो,” प्रेरणा म्हणाली. “काम जाईल. पोलिसात नाव जाईल. लोक म्हणतील, यानं कांताबाईला मारलं.”

“म्हणू द्या.”

खोटं बोलणारी माणसं स्वतःला वाचवताना प्रेरणानं पाहिली होती. हा माणूस उलट्या दिशेनं जात होता. कुणाला वाचवत होता, हे तिला कळायला लागलं होतं. कशापासून, ते अजून सिद्ध व्हायचं होतं.

“सहा वाजता चावी घेऊन रपट्यावर या,” ती म्हणाली. “व्हॉल्व्ह तेवढा पाहायचा आहे.”

५

सहाला वीज आली. प्रेरणानं नानाजींना मोटार सुरू करायला सांगितलं होतं. विहिरीकडून तिचा एकसुरी आवाज येऊ लागला. हौदात पाणी पडत होतं.

झाकण उघडं होतं. उकंडानं चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि बाजूला झाला.

“आता बंद आहे?” प्रेरणानं विचारलं.

“बंद हाय.”

“नक्की?”

“शुक्रवारपासून बंदच हाय.”

“शुक्रवारपासून. दीपा तर गुरुवार म्हणते.”

उकंडानं खड्ड्यात पाहिलं.

“ठीक आहे. बंद आहे, तर आणखी थोडा घट्ट करून ठेवते.” तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली आणि उजवीकडे फिरवली, जगातला कुठलाही नळ बंद करताना फिरवावी तशी. चावी सहज फिरली. पाव आटा. अर्धा.

“नका!” उकंडानं झेप घेऊन मूठ पकडली. त्याची नखं तिच्या मनगटात रुतली. “मोटार चालू हाय, मॅडम! उघडन तो! लेकरं पेतीन!”

मग स्वतःचे शब्द त्याच्या कानांवर पडले. त्यानं सावकाश चावी डावीकडे अर्धा आटा फिरवली, शेवटी अंगाचा भार टाकला आणि तिथेच खाली बसला.

मोटारीचा आवाज चालूच होता.

“उलटा आहे,” प्रेरणा म्हणाली. “हा व्हॉल्व्ह डावीकडे बंद होतो. दीपाला तो बंदच सापडला होता. तिनं बंद करायचा म्हणून उजवीकडे फिरवला, आणि तो फिरला म्हणून तिला वाटलं की उघडा होता. नऊ आट्यांनी तो पूर्ण उघडला. पुढे फिरेना, तेव्हा तिला वाटलं घट्ट बसला.”

उकंडानं व्हॉल्व्हवरून चावी काढून जवळ घेतली.

मग तो बोलू लागला. व्हॉल्व्ह दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातून आणलेला. बसवणाऱ्या मिस्त्रीनं तेव्हाच सांगितलं होतं, हा उलट्या आट्याचा आहे. उकंडानं ते कुणालाच सांगितलं नाही.

“तवा पाण्यासाठी मारामाऱ्या होत. कोणी बी पाना घेऊन येई आन् वॉल खोलून आपल्याकडं पाणी वळवे. हा उलटा. जो चोरून खोलाले जाये, तो आणखीनच बंद करून जाये. सत्तावीस वर्षं मॅडम, या वॉलनं एकाचंही पाणी चोरी जाऊ देलं नाई. मले त्याचा गर्व होता.”

“चोरासाठी होती ही युक्ती.”

“हो. चांगल्या माणसाचा इचार केलाच नाई म्या. जायच्या दिवशी तिले म्हटलं बी, रपट्याचा वॉल बंद हाय, तसाच राहू दे. काहून ते सांगतलं नाई.”

“आणि शुक्रवारी ती चावी द्यायला आली तेव्हा कळलं.”

“नऊ आटे म्हणे पोरगी. माह्या पायाखालची जमीन गेली. धावत आलो आन् बंद केला.” तो थांबला. पुढचं वाक्य उच्चारायला त्याला श्रम पडले. “पण कोणाले सांगतलं नाई. सकाळचं पाणी सगळ्याइनं भरलं होतं. तवाच दारोदार जाऊन म्हटलं असतं, बाप्पा, ते पाणी फेका, त... पोळा होता. घरोघरी चुली पेटल्या होत्या. वाटलं, एका दिवसाच्या पाण्यानं काय होते. सांगतलं तर पोरगी घाबरन, आन् माहं बी गुपित फुटन. सकाळी कांताबाईले उलट्या लागल्या.”

प्रेरणानं खड्ड्यावर झाकण सरकवलं.

“म्हणून म्या लिहून देलं त्यात काय खोटं हाय?” उकंडा म्हणाला. “चूक माहीच हाय. तेवढंच राहू द्या, मॅडम. स्वतःच्या हातानं माय मारली, हे त्या पोरीले नका सांगू. ते हे घेऊन कशी जगन?”

६

त्या रात्री प्रेरणा कोकिळाबाईंच्या घरी राहिली. अहवालाचा कागद तिनं जेवणाआधीच काढला होता. ‘कारण’ या रकान्यात उकंडाची दोन ओळींची कबुली उतरवली असती, तर काम पाच मिनिटांत झालं असतं. कुणी हरकत घेतली नसती.

पण मग उकंडा गेला असता आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला असता. रपट्याखालचा पाइप राहिला असता, नकाशात तो तोडलेला दिसत राहिला असता. नवा वॉलमन आला असता, किंवा दीपाच. एखाद्या दुपारी, चांगल्या मनानं, त्यानं तो आणखी घट्ट केला असता. खोट्या कारणानं पाइप दुरुस्त होत नाही.

सकाळी सहाला ती विहाराच्या ओट्यावर गेली. दीपा तिच्या शेजारी येऊन बसली. प्रेरणानं तीन बाटल्या वारांच्या क्रमानं मांडल्या आणि निकालाचा कागद तिच्या हातात दिला. कागदाबरोबर नानाजींच्या मोटारीच्या वेळा होत्या.

“तुमच्याइतके चांगले नमुने मला कुणी पाठवत नाही,” ती म्हणाली. “म्हणून हे ग्रामसभेच्या आधी तुम्हाला दाखवते आहे. आणि एक गोष्ट. तो व्हॉल्व्ह डावीकडे बंद होतो. उकंडांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.”

दीपानं आकडे वाचले. पुन्हा वाचले. तिचं बोट गुरुवारवर थांबलं, मोटारीच्या वेळेकडे गेलं, शुक्रवारवर आलं. ती विज्ञान शिकलेली मुलगी होती. तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रेरणाला तिच्या चेहऱ्याकडे पाहवेना, पण तिनं मान वळवली नाही.

“मंग म्या उघडला,” दीपा म्हणाली.

“हो.”

“आईले शुक्रवारी पहिली घागर म्याच उचलून देली. तिची कंबर दुखे.”

विहारासमोर नळाला पाणी आलं. बायका घागरी घेऊन जमू लागल्या. दीपा तशीच बसून होती. मग तिनं विचारलं, “मामानं काहून लिहून देलं तसं?”

“तुम्हाला हे कळू नये म्हणून. आणि शुक्रवारी त्यांना कळलं होतं, तरी ते बोलले नाहीत, म्हणूनही.”

दहा वाजता शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. प्रेरणानं बाटल्यांचे आकडे वाचून दाखवले. रपट्याखालचा पाइप का राहिला, नकाशात काय लिहिलं आणि जमिनीखाली काय होतं, ते गोपालनं स्वतः उभं राहून सांगितलं. कुणीतरी मागून ओरडलं, “ते सगळं ठीक हाय, पण वॉल कोणं खोलला ते सांगा!”

प्रेरणानं कागद खाली ठेवला. तिनं उत्तर द्यायच्या आत दीपा उठली.

“म्या,” ती म्हणाली. “बंद कराले गेली आन् उघडला. नऊ आटे. माही तक्रार म्या मागं घेते. तिच्यात लिहिलेलं खरं नव्हतं.”

दूर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

मग उकंडा काठीला धरून उभा राहिला. “तिले काई नका म्हणू. शुक्रवारी सांजी मले माहीत झालं होतं. म्या तोंड उघडलं असतं तर कांताबाई आज इथं बसली असती.” त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. “आन् त्या झाकणावर एक बाण काढाचा होता. कोणत्या बाजूनं बंद होते, एवढाच बाण. तो काढाले मले सत्तावीस वर्षं होते.”

दीपा त्याच्याकडे पाहत होती. माफ करणारी ती नजर नव्हती. पण तिनं ती वळवलीही नाही.

सोमवारी यवतमाळहून खडक फोडायचं मोठं यंत्र आलं. रपट्याखालचा जुना पाइप निघाला, जुन्या लाइनीचं तोंड सिमेंटनं बंद झालं. व्हॉल्व्ह उपटून ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ठेवला. उकंडाच्या कामाचा निर्णय ग्रामसभेनं पुढे ढकलला होता. चावी मात्र त्यानं स्वतःच दीपाच्या हातात दिली.

गावात आता सहा व्हॉल्व्ह उरले होते, सगळे नवे, सगळे उजवीकडे बंद होणारे. दुसऱ्या दिवशी दुपारी दीपा लाल रंगाचा डबा घेऊन निघाली. उकंडा एका डोळ्यानं वाट पाहत तिच्या मागून चालत होता. प्रत्येक झाकणावर ती बाण काढी, व्हॉल्व्ह पूर्ण बंद करी, मग उघडी आणि किती आटे लागले ते बाणाशेजारी लिही. आटे उकंडा मोजत होता.

“हे तं सगळे सुधेच हायेत, पोरी,” चौथ्या झाकणापाशी तो म्हणाला. “याइले कायले बाण?”

“मोजा, मामा,” ती म्हणाली.

तो मोजू लागला.

बुधवारी सकाळी सहाला भीमनगरला पाणी सुटलं. दीपानं विहाराचा धुतलेला माठ उलथून सरळ ठेवला. नळाखाली पहिली घागर भरली. ती तिनं उचलली, रस्त्याच्या कडेला नेली आणि पूर्ण ओतून दिली. घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं पाणी तसंच वाहू दिलं. रांगेतल्या बायका थांबून राहिल्या.

मग तिनं घागर परत नळाखाली लावली.